परदेशातून बाबासाहेबांनी काय आणले?

आपल्या वस्तीतील एखादी मुलगी किंवा मुलगा शिकायला परदेशी निघाला, की सारी वस्ती निरोपाला जमते. विहारात वंदना होते, पेढे वाटले जातात. आम्हांलाही त्याचा अभिमान वाटतो. पण तेथून येताना काय आणायचे, याचाही विचार घराघरांत व्हायला हवा. त्यासाठी बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन डोळ्यांपुढे ठेवू या.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शाळेत ज्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळाले नाही, ते तेथे सर्वांबरोबर वसतिगृहात राहिले, एकाच ग्रंथालयात वाचू लागले. परदेशातील पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली, असे त्यांनी पुढे लिहिले. माणूस म्हणून ताठ उभे राहणे, ही त्यांची पहिली कमाई.

दुसरी कमाई प्रश्न विचारण्याची. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तेथील परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचला. वय अवघे पंचवीस. सोसलेल्या दुःखावर ते रडत बसले नाहीत. त्याचे मूळ शोधले. जातीतच लग्न करण्याच्या बंधनात जातीचा प्राण आहे, हे त्यांनी दाखवून दिले. मग आज बौद्ध म्हणवून घेताना सोयरीक जुळवायला बसलो, की आपण हळूच पोटजात का विचारतो? हा प्रश्न प्रत्येक आईबापाने स्वतःला विचारावा.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. बडोद्यात मोठी नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळेना. तरी ते खचले नाहीत. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा जमवला. शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांची मदत झाली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. या साऱ्या काळात माता रमाईंनी इकडे काटकसरीने संसार ओढला. त्या पदव्यांत त्यांचाही वाटा आहे.

आणि एवढे शिकून बाबासाहेबांनी काय केले? १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, १९२७ साली महाडच्या तळ्यावर गेले. ज्ञान समाजाच्या कामी लावले, ही तिसरी कमाई.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य शासनाची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी परदेश शिष्यवृत्ती आहे. आपल्या मुलामुलींसाठी समाजकल्याण कार्यालयात तिची चौकशी जरूर करा. आणि परदेशी गेलेले लेकरू सुट्टीत घरी आले, की पगार किती मिळेल हे नंतर विचारा. आधी त्याला विहारात न्या, दहावी-बारावीच्या पोरांपुढे बसवा. तेथे काय पाहिले, काय पटले, काय खटकले, हे त्याला सांगू द्या. एकाच्या शिक्षणाने दहा घरे उजळावीत, हीच बाबासाहेबांना खरी मानवंदना.

जयभीम!