लहान मुलाचा दिव्यांग दाखला काढायचा की नाही? ठरवण्याआधी एवढं माहीत असू द्या

मूल साडेतीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. दादी म्हणते, याचे अब्बूसुद्धा उशिरा बोलले होते. कुणी दम करून आणतं, कुणी ताबीज बांधतं. मग एक दिवस डॉक्टर स्पष्ट सांगतात की तपासणी करा आणि दिव्यांग दाखला काढून घ्या. घरातला खरा वाद तिथून सुरू होतो. अम्मीला दाखला हवा असतो, अब्बू म्हणतात थोडं थांबू, आणि फुफीला काळजी पडते की मोठ्या बहिणीच्या रिश्त्याच्या वेळी हे निघालं तर काय करायचं.

हा वाद आपल्या मोहल्ल्यांत बऱ्याच घरांत होतो, पण दबक्या आवाजात. त्यामुळे माहिती कमी आणि भीती जास्त अशी गत होते.

सगळ्यात आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. उपचार आणि दाखला हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, कानाची तपासणी यांसाठी दाखला लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्यात अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळेतल्या मुलांची तपासणी होते, आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा रुग्णालयातल्या लवकर निदान केंद्राकडे पाठवतात. मुंबईकरांसाठी हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. वांद्रे रेक्लेमेशनला श्रवण आणि वाचेसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. (तिला ज्यांचं नाव दिलंय ते नवाब अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते.) दाखल्यावर घरात एकमत होत नसेल तर तो वाद चालू द्या, पण थेरपी थांबवू नका. पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदू जेवढं पटकन शिकतो तेवढं नंतर शिकत नाही, आणि घरच्यांचं एकमत होईपर्यंत मुलाचं वय थांबून राहत नाही.

आता दाखल्याकडे येऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 सालचा आहे. त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, कर्णबधिरता, अंधत्व यांच्यासोबत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलही त्यात आहेत. थॅलेसेमियाच्या मुलाला दर महिन्याला रक्त चढवणाऱ्या कित्येक पालकांना हे माहीतच नसतं. बहुतेक लाभांसाठी 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा आणि मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. मंजूर झाल्यावर दाखला आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. कार्डाचा रंग टक्केवारीवर ठरतो: 40 च्या खाली पांढरा, 40 ते 80 पिवळा, 80 च्या वर निळा. पांढऱ्या कार्डावर फारसं काही मिळत नाही, हे आधीच समजून घ्या.

ठप्प्याची भीती

"एकदा कागदावर आलं की जन्माचा ठप्पा" हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. लहान मुलांच्या बाबतीत ते बरंचसं चुकीचं आहे. बौद्धिक विकासात मागे असलेल्या मुलाला पाच वर्षांच्या आत 'विकासात विलंब' एवढीच नोंद असलेला तात्पुरता दाखला देतात. पाच वर्षांनंतर पुन्हा तपासणी होते, मग दहाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी. कायमचा दाखला अठराव्या वर्षीचा. मधल्या काळात मूल सुधारलं, टक्केवारी 40 च्या खाली गेली, तर पुढचा दाखला तसा मिळतो, आणि तेव्हा घरात मिठाई वाटायला हरकत नाही. अभ्यासातल्या अडचणीसाठी, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या गोष्टीसाठी, साधारण आठ वर्षांच्या आधी दाखला देतच नाहीत. पहिलीतल्या मुलासाठी त्या दाखल्यामागे धावपळ करून उपयोग नाही.

दाखला तुमच्या कपाटात असतो. तो शाळेला द्यायचा की नाही, नातेवाइकांना सांगायचं की नाही, हे तुम्हीच ठरवता. रिश्त्याची भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. आपल्या समाजात ती आहे. पण विचार करा, मूल बोलत नाही हे बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला आधीच दिसतंय. दाखला लपवला म्हणून काही लपत नाही, फक्त मिळायचं ते मिळत नाही.

मिळतं काय?

शाळेचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. कायद्याने 40 टक्क्यांवरच्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. शिवाय महाराष्ट्रात आरटीईच्या 25 टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग मुलं वंचित गटात येतात. त्यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे अब्बूंना बरा पगार असला तरी अर्ज करता येतो, फक्त दाखला हवा. यात आपल्यासाठी एक अडचण आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे 25 टक्के लागू नाहीत. आपल्याच संस्थेच्या उर्दू किंवा इंग्रजी शाळेत घालायचं मनात असेल तर आरटीईच्या यादीत ती शाळा सापडणार नाही, थेट व्यवस्थापनाशीच बोलावं लागेल.

दुसरं, निरामय विमा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांना हा मिळतो. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि त्यात थेरपी आणि बाह्यरुग्ण तपासणीसुद्धा धरतात. नोंदणीची फी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 250 रुपये, इतरांना 500. आधी वैद्यकीय चाचणी मागत नाहीत, वयाची अट नाही. मात्र पैसे बहुधा आधी स्वतः भरावे लागतात आणि बिलं दाखवून परत मिळतात. म्हणून थेरपिस्टकडून पक्कं बिल घ्या. साध्या वहीच्या कागदावरची पावती चालत नाही.

प्रवासाची सवलतही छोटी नाही, कारण थेरपीसाठी आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं. एसटीत 75 टक्के सूट आहे, आणि दिव्यांगत्व 65 टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही अर्धं तिकीट. रेल्वेत काही ठराविक प्रकारांना, उदाहरणार्थ बौद्धिक दिव्यांग मूल आणि त्याच्यासोबतच्या व्यक्तीला, स्लीपर किंवा थ्री एसीत 75 टक्के सवलत असते. इन्कम टॅक्स भरणाऱ्या पालकांना कलम 80 डीडीखाली 75 हजारांची, आणि 80 टक्क्यांवर सव्वा लाखाची वजावट आहे, पण ती जुन्या कर पद्धतीतच. नव्या पद्धतीत गेलात तर ती सुटते.

आणि उत्पन्नाचा दाखला

दर महिन्याला रोख हवी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, अर्ज तहसील कार्यालयात. दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर 2025 पासून महिन्याला 2,500 रुपये झाली. मूल लहान असल्यामुळे सगळा व्यवहार पालकांनी करायचा. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला साधारण 4,100 रुपये. समजा, भिवंडीत किंवा मालेगावात यंत्रमागावर काम करणारा एक बाप आहे, घरात बायको आणि तीन मुलं. त्याची कमाई याच्या वर जाते आणि तरीही घर भागत नाही. मग एजंट भेटतो. म्हणतो, "टेन्शन घेऊ नका, चाळीस हजाराचा दाखला काढून देतो." टक्केवारी वाढवून देणारेही भेटतात.

इथे थांबा. उत्पन्नाची मर्यादा फार कमी आहे, ती वाढवायला हवी, हे माझं स्वतःचं मत आहे. पण खोटं उत्पन्न लिहून घेतलेले पैसे घरात आणायचे का, हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आपल्या दीनमध्ये अस्पष्ट नाही. कायद्यातही नाही. दिव्यांगांचा लाभ फसवून घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा बापाने संजय गांधी योजना सोडून द्यावी आणि आरटीई, निरामय, एसटीची सवलत यांच्यासाठी अर्ज करावा. तिथे उत्पन्नाची ही मर्यादा आडवी येत नाही. ग्रामपंचायत आणि महापालिकांना आपल्या उत्पन्नातला 5 टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो कुठे जातो हे आपल्या नगरसेवकाला विचारायलाही हरकत नाही.

काही घरांत उलटा विचार असतो. हे म्हणजे सरकारकडे हात पसरणं, अल्लाहने दिलेल्या आजमाइशवर पैसे घेणं. हा विचार नेक मनातून येतो, पण पटत नाही. हे सदका नाही. तुम्ही साबणाच्या वडीवरसुद्धा कर भरता, त्यातलंच हे आहे. इस्लामी इतिहासात याची उदाहरणं आहेत. उमय्या खलिफा वलीद बिन अब्दुल मलिक यांनी अंधांना वाटाड्या आणि अपंगांना सेवक नेमून दिले होते, बैतुलमालमधून. आणि हजरत अब्दुल्लाह इब्न उम्म मकतूम (र.) अंध होते, तरी रसूलुल्लाह (स.) बाहेर जाताना मदिनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवत. त्यांच्याच निमित्ताने सूरह अबसच्या सुरुवातीच्या आयती उतरल्या. अंधत्व लपवायची गोष्ट आहे असं त्या काळात कुणी मानलेलं दिसत नाही.

ठरलंच असेल काढायचं, तर कागद आधी तपासा. आपल्याकडे बहुतेक अर्ज अडतात ते नावात. जन्मदाखल्यावर अब्दुर रहमान, आधारवर अब्दुल रेहमान, रेशनकार्डावर नुसतं रहमान शेख. कुठे आडनाव शेख, कुठे शेखचा स्पेलिंग वेगळा. तिन्ही कागद आधी सारखे करून घ्या, जन्मदाखल्याची दुरुस्ती सगळ्यात आधी. पाच वर्षांच्या आतलं बाल आधार असेल तर पाचव्या वर्षी बोटांचे ठसे देऊन ते अपडेट करावं लागतं, ते विसरू नका. तपासणीच्या दिवशी जुने सगळे रिपोर्ट न्या आणि मुलाला जो रोज सांभाळतो त्यालाच सोबत पाठवा, बहुधा अम्मीला. कारण डॉक्टर विचारतात ते घरातलं असतं: जेवतो कसा, रात्री झोपतो का, लघवी सांगतो का. मूल अनोळखी जागी एकदम शांत बसतं आणि बोर्डाला वाटतं काही नाहीच. म्हणून घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा.

टक्केवारी कमी लागली, ती पटत नाही, तर निर्णयावर अपील करायचा हक्क कायद्यात आहे. तपासणीचा कागद जपून ठेवा आणि दाखल्याची मुदत कधी संपते ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा. मुदत संपल्यावर एसटीचा कंडक्टरसुद्धा कार्ड परत देतो.