चाळीस मीटरवरच्या गप्पा

सकाळी सातच्या सुमाराला संच लावून चाळीस मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात, ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास हळूहळू बटण फिरवलं, की खरखरीच्या आडून माणसं बोलू लागतात. कुणाकडे धुकं उतरलेलं असतं, कुणाचा गुडघा पुन्हा धरलेला असतो, कुणाला नवी सोल्डरिंग गन घ्यायची असते आणि कुठली घ्यावी हे ठरत नसतं. कोल्हापूर, नागपूर, हुबळी, बडोदा. यांतल्या बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही.

हा हॅम रेडिओ. स्वतःच्या घरून, स्वतःच्या हौसेनं चालवायचं बिनतारी केंद्र. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते, वयाला बारा वर्षं पूर्ण हवीत, मग परवाना आणि त्याबरोबर कॉल साइन मिळते. आपल्याकडच्या बहुतेक कॉल साइन 'व्हीयू'नं सुरू होतात. भारतातले पहिले हॅम अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना परवाना मिळाला तो १९२१ मध्ये. म्हणजे अनोळखी माणसांनी दुरून गप्पा मारण्याची ही रीत आपल्याकडे शंभरी ओलांडून गेली आहे.

नियम कडक आहेत. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, सांकेतिक भाषेत लपवून काही सांगायचं नाही. मग उरतं काय? हवा, तब्येत, अँटेनाच्या तारा, संच आणि आपण स्वतः. इंग्रजीत या लांबत जाणाऱ्या गप्पांना 'रॅगच्यू' म्हणतात, चिंधी चघळत बसणं. मला आपला 'पार' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. पारावर येणाऱ्याला कोण, कुठला हे विचारतात, पण त्याआधी जागा करून देतात.

इथली संबोधनंही मला फार आवडतात. पुरुष कितीही वयाचा असो, तो 'ओएम', म्हणजे ओल्ड मॅन. बाई ऐंशीची असली तरी 'वायएल', यंग लेडी. इथे मोठ्यांनाही कॉल साइनच: जॉर्डनचे राजे हुसेन 'जेवाय१' होते, राजीव गांधी 'व्हीयू२आरजी'. संचावर आल्यावर त्यांनाही आधी आपली कॉल साइन सांगावी लागे आणि समोरच्याचा आवाज कसा येतोय तेही सांगावं लागे. आवाज स्पष्ट नि जोरदार असेल तर 'फाइव्ह नाइन'. पाच गुण स्पष्टतेचे, नऊ जोराचे.

हे सगळं चालतं ते आकाशाच्या मर्जीनं. जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटर वर सूर्यामुळे विद्युतभारित झालेला थर असतो. चाळीस मीटरच्या लहरी त्याच्यावरून वळून पुन्हा खाली येतात. दिवसा त्याच्या खालचा आणखी एक थर लहरी गिळत राहतो, म्हणून बोलणं काहीशे किलोमीटरांत आटोपतं. सूर्य मावळला की हा खालचा थर विरतो आणि त्याच तारेवर दूरदूरचे देश येऊ लागतात. बिनतारी हौसेत मुरलेली माणसं म्हणूनच संध्याकाळच्या वेळी घरात फार कुणाला सापडत नाहीत.

माझी पहिली तार मी गच्चीवर बांधली आणि ती काही केल्या जुळेना. वीस मीटर लांब, मधोमध जोड, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, पुस्तकात होतं तसंच सगळं. तरी पाठवलेली निम्मी शक्ती संचाकडे परत येत होती. सकाळच्या मंडळींत चाचरत हे सांगितलं, तर एक म्हातारा आवाज म्हणाला, "ओएम, तार आधी लांबच ठेवायची. कापणं सोपं, जोडणं अवघड. दोन्हीकडून चार-चार बोटं कापा, बघा, पुन्हा कापा." पावसाळ्यात पुन्हा बिघडली, तेव्हा दुसऱ्यानं विचारलं, "जोडात पाणी गेलंय का? केबल सरळ खाली आणू नका. थोडा झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल." त्या झोळानं माझे पुढचे सगळे पावसाळे निभावले.

असा सल्ला देणाऱ्याला त्यातून काही मिळायचं नसतं. त्याला एवढंच हवं असतं, की उद्या सकाळी तुमचा आवाज फाइव्ह नाइन यावा.

या निवांत बोलण्याची किंमत मोठ्या संकटात कळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये झाला. दोन्ही वेळा हॅम मंडळी संच घेऊन निघाली. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) अंदमानातून जगभरच्या हौशी केंद्रांशी बोलायला पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ तारखेच्या सकाळी सुनामी आली. तेव्हा त्यांनी हौसेचा कार्यक्रम बाजूला ठेवला आणि त्याच संचांवरून निरोप पोचवायला सुरुवात केली. कोण सुखरूप आहे, कोणाला काय हवं आहे.

अशा वेळी यंत्रापेक्षा सवय कामाला येते. दुसऱ्याचं बोलणं संपल्यावर क्षणभर थांबायचं, कारण त्या फटीत एखादा क्षीण आवाज काही सांगत असू शकतो. नाव नीट कळलं नाही तर अक्षर-अक्षर विचारायचं. आपल्याला ऐकू येणारं तिसऱ्या कुणाला येत नसेल, तर त्याच्यासाठी पुन्हा म्हणायचं. ही शिस्त धुकं आणि गुडघे यांवर बोलता बोलताच अंगात मुरलेली असते. केवळ प्रशिक्षणाच्या शिबिरात ती येते असं मला वाटत नाही.

गप्पा संपवताना हॅम 'सेव्हन्टी थ्री' म्हणतात. तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला हा आकडा, अर्थ शुभेच्छा. आणि कुणी कायमचा गेला, तर तो 'सायलेंट की' झाला असं म्हणतात. की म्हणजे मोर्सची कळ.

चार बोटं कापायला सांगणारे ते आजोबा गेल्या चातुर्मासात सायलेंट की झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेणाऱ्यानं नेहमीच्या क्रमानं नावं पुकारली आणि त्यांच्या जागेशी आला. त्यानं त्यांची कॉल साइन पुकारली आणि बोलायचं बटण सोडलं. आम्ही सगळे ती खरखर ऐकत राहिलो. मग कोल्हापूरहून आवाज आला, "आमच्याकडे आज धुकं आहे, ओएम."