जुन्या नौकेला काचेचे कवच
विशेष प्रतिनिधी

पावसाळी मासेमारीबंदी जवळ आली की कोकण किनाऱ्यावरील बंदरांत एकच धांदल उडते. मिरकरवाडा, हर्णै, सातपाटी अशा ठिकाणी नौका ओढून किनाऱ्यावर घेतल्या जातात, जाळी गोळा केली जातात आणि झावळ्या किंवा ताडपत्र्या घालून नौका शाकारल्या जातात. लाकडी नौकेच्या मालकापुढे याच सुमारास दरवर्षीचा प्रश्न नव्याने उभा राहतो. पंधरा-वीस वर्षे समुद्र पाहिलेली नौका आणखी एकदा दुरुस्त करायची, मोडीत काढायची, की तिच्यावर 'फायबर' चढवून तिचे आयुष्य वाढवायचे?

तिसरा पर्याय अनेकांना मोह घालतो. नव्या नौकेच्या तुलनेत तो स्वस्त असतो, काम थोड्या दिवसांत आटोपते आणि रंग दिल्यावर जुनी नौका नवी दिसू लागते. मात्र अशी दुरुस्ती योग्य रीतीने झाली नाही तर नौका बाहेरून धडधाकट आणि आतून पोकळ अशा अवस्थेत समुद्रात जाते. किनाऱ्यापासून काही तासांच्या अंतरावर फळी सुटली तर काय होते, हे कोणत्याही तांडेलाला सांगावे लागत नाही. म्हणूनच या कवचामागचे शास्त्र समजून घेणे आवश्यक आहे.

लाकडाचे तीन शत्रू

लाकडी नौका एकसंध नसते. तळाचा कणा, त्यावर उभ्या केलेल्या फासळ्या आणि फासळ्यांवर ठोकलेल्या फळ्या अशी तिची घडण असते. फळ्यांसाठी सागवानाला पर्याय नाही, असे जुने कारागीर मानत. फासळ्यांसाठी बाभळीसारखे जात्याच वाकडे वाढणारे लाकूड निवडले जाई, कारण नैसर्गिक बाकातले तंतू सलग असतात. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर राळ व तेल यांचे मिश्रण भरले जाई. नौका पाण्यात गेली की फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप घट्ट होतात. लाकडी नौकेचे सारे गणित या फुगण्या-आकसण्यावर बेतलेले आहे, आणि फायबरचा घोळही नेमका तिथेच होतो. त्याचा विचार पुढे येईलच.

पहिला शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारे सागरी जीव. त्यांतील 'टेरेडो' हा दिसायला अळीसारखा असला तरी प्रत्यक्षात तो तिसऱ्यांच्याच गोत्रातील मृदुकाय प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढ्या छिद्रातून तो पिल्लाच्या अवस्थेत आत शिरतो आणि आत वाढत जातो. त्यामुळे बाहेरून फळी शाबूत दिसते, आत मात्र बोटाएवढे बोगदे झालेले असतात. यावर उपाय म्हणून पूर्वी नौकेचा तळ आगीच्या धगीने शेकला जाई आणि माशाच्या यकृताचे तेल चोपडले जाई. मोठ्या जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकत. गोड्या पाण्यात हे प्राणी तग धरत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात खाडीच्या वरच्या भागात नेऊन ठेवलेल्या नौकेची कीड काही अंशी आपोआप मरते.

दुसरा शत्रू कुजणे. येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. खाऱ्या पाण्याने लाकूड कुजते असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः मीठ कुजवणाऱ्या बुरशीला आवर घालते. लाकूड कुजते ते गोड्या पाण्याने. पावसाचे पाणी डेकच्या फटींतून झिरपते आणि फासळ्यांच्या डोक्याशी साचते. त्याहून वाईट म्हणजे मासळीच्या कप्प्यातील बर्फ. वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी आणि मासळीचा चिकट द्रव दिवसेंदिवस तळाशी मुरत राहतो. म्हणून जुन्या नौकेची तपासणी करताना पाण्याखालच्या फळ्यांपेक्षा बर्फाच्या कप्प्याची आतली बाजू आधी पाहावी.

तिसरा शत्रू नौकेच्या अंगातच असतो. लोखंडी खिळा गंजला की त्याच्याभोवतीचे लाकूडही काळे पडून भुसभुशीत होते. फळी चांगली, फासळी चांगली, पण दोघांना धरून ठेवणारे काहीच नाही, अशी स्थिती निर्माण होते. अशा फळीत पुन्हा त्याच जागी खिळा ठोकणे व्यर्थ असते. जुने भोक लाकडी खुंटीने बुजवून नवा खिळा बाजूला घ्यावा लागतो.

काचेचे कवच म्हणजे काय?

किनाऱ्यावर ज्याला नुसते 'फायबर' म्हणतात, ते काचेचे तंतू आणि रेझिन यांचे मिश्रण असते. काचेच्या तंतूंची चटई किंवा विणलेले कापड पृष्ठभागावर अंथरून त्यात रेझिन मुरवले जाते. रेझिन घट्ट झाले की ताण काच सोसते आणि तिला जागच्या जागी धरण्याचे काम रेझिन करते. बाजारात स्वस्त मिळते ते पॉलिएस्टर रेझिन. नौकाबांधणीत आज तेच सर्वाधिक वापरले जाते, आणि साच्यातून काढलेल्या पूर्ण फायबरच्या नौकेसाठी ते उत्तमच आहे. लाकडावर चढवताना मात्र त्याची पकड कमकुवत ठरते. सागवानासारख्या तेलकट लाकडावर ती आणखीच कमी होते. इपॉक्सी रेझिनची पकड कितीतरी चांगली असते. पण त्याची किंमत ऐकून बहुतेक मालक पॉलिएस्टरकडेच वळतात.

कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून मासेमारी नौका व जाळी यांवर संशोधन करीत आहे. महागड्या लाकडाला रबरवुडसारखे प्रक्रिया केलेले पर्याय, तळाला तांब्याऐवजी ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा आणि लाकडावर फायबरचे आवरण, अशा तिन्ही दिशांनी तेथे काम झाले. आपल्याकडे धातूच्या पत्र्यापेक्षा फायबरच अधिक रुजले. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने १९४५ मध्ये ॲल्युमिनियमच्या छोट्या होड्या बाजारात आणल्या आणि तळ्यांवरील हौशी मासेमारीत हा धातू कायमचा स्थिरावला. जुन्या ॲल्युमिनियम होडीचे रिबेट नव्याने ठोकून, मागची कुजलेली लाकडी फळी बदलून ती पुन्हा वापरात आणणे हा तेथील अनेकांचा छंदच आहे. कोळीवाड्यात मात्र तो छंदाचा विषय नाही. नौकेवर घर चालते.

पावसाळ्याचा पेच

फायबरचे कवच लाकडावर टिकायचे असेल तर एक अट टाळता येत नाही, ती म्हणजे लाकूड कोरडे असले पाहिजे. लाकडातील ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या खाली असावा, असा दंडक आहे. २० टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला रान मोकळे होते. ओल्या फळीवर कवच चढवले तर आतला ओलावा कोंडला जातो आणि कवचाखाली लाकूड निवांत कुजत राहते. बाहेरून काहीच कळत नाही. एरवी सांध्यातून पाणी येऊन नौका स्वतःच दुखणे सांगते. कवच चढवल्यावर तिची ही वाचाही बंद होते.

आता पेच पाहा. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी असते ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस. यांत्रिक नौका निर्धास्तपणे जमिनीवर राहतात त्या याच काळात, आणि कोकणात हवा सर्वांत दमट असते तीही याच काळात. अशा हवेत सावलीत ठेवलेले लाकूडसुद्धा १८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसते. म्हणजे नौका मोकळी असते तेव्हा हवा साथ देत नाही आणि हवा कोरडी असते तेव्हा नौका समुद्रात असते. एप्रिल-मे महिन्यांत नौका वर घेतली तर काम उत्तम होईल, हे मालकालाही ठाऊक असते. परंतु हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांची मिळकत सोडणे कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्याला परवडत नाही. किनाऱ्यावर फसलेल्या बहुतेक कवचांचे मूळ कारागिराच्या हातापेक्षा या वेळापत्रकात शोधावे लागेल. ज्यांना हे काम नीट करायचे आहे त्यांनी निदान मेच्या मध्यास नौका वर घ्यावी, ती चारही बाजूंनी मोकळी ठेवून छपराखाली सुकवावी आणि पहिला थर पावसाआधी द्यावा. वीसएक दिवसांची मिळकत बुडते हे खरे. ओल्या लाकडावर ओतलेले रेझिनही बुडीत खात्यातच जाते.

काम कसे चालते?

सर्वप्रथम जुना रंग, डांबर आणि तेल पूर्णपणे खरवडून कोरे लाकूड उघडे करावे लागते. तेल मुरलेला वरचा थर रंध्याने काढावा. मग हातोडीने ठोकत तपासणी करावी. चांगले लाकूड खणखणीत आवाज देते, कुजलेले दबका. शंका येईल तिथे टोकदार हत्यार टोचावे. ते सहज आत गेले तर फळी बदलणे भाग आहे. येथे हयगय नको. कुजलेल्या फळीवर चढवलेले कवच हे जखम न धुता बांधलेल्या पट्टीसारखे असते. नवी फळी जोडताना लागून असलेल्या दोन फळ्यांचे सांधे एकाच फासळीवर येऊ देऊ नयेत, हा जुना नियम आजही तितकाच लागू आहे.

त्यानंतर रेझिनचा पातळ हात देऊन लाकूड बुजवायचे आणि मग काचेचे थर. ४५० ग्रॅमच्या चटईचे दोन थर आणि मध्ये विणलेल्या कापडाचा एक, असे मानले तर रेझिनसह प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे चार किलो वजन चढते. दहा मीटर लांबीच्या नौकेला चाळीस चौरस मीटर पृष्ठभाग धरल्यास एकूण भार दीडशे किलोंच्या आसपास जातो. हा भार फारसा नाही. खरी अडचण फळ्यांच्या हालचालीची आहे. लाकूड आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, पॉलिएस्टर मात्र ठिसूळ असते. पूर्ण सुकून सांधे उघडलेल्या नौकेवर कवच चढवले आणि पुढे बर्फाचे पाणी आतून फळ्यांत मुरले, तर फुगणाऱ्या फळ्या कवचाला बाहेर ढकलतात आणि सांध्यांच्या रेषेत तडे जातात. त्यामुळे कवच बाहेरून चढवायचे असले तरी आतली बाजू, विशेषतः बर्फाचा कप्पा, तितक्याच काळजीने जलरोधक करावा लागतो. नेमका हाच खर्च बहुधा वाचवला जातो.

रसायनांबाबत एक इशारा आवश्यक आहे. पॉलिएस्टर रेझिन घट्ट करण्यासाठी पेरॉक्साइडचा आणि कोबाल्टचा असे दोन घटक मिसळतात. हे दोन्ही घटक थेट एकमेकांत कधीही ओतू नयेत. त्यातून भडका वा स्फोट होऊ शकतो. एक घटक रेझिनमध्ये पूर्ण ढवळल्यावरच दुसरा घालायचा असतो. ताडपत्रीच्या बंद मांडवात स्टायरीनची वाफ कोंडते आणि घासकामात काचेची धूळ उडते. तोंडाला रुमाल बांधून हे थोपवता येत नाही, योग्य मुखवटा लागतो. किनाऱ्यावरील कामाच्या ठिकाणी तो क्वचितच दिसतो, ही खेदाची बाब आहे.

बदल करताना

नौका वर घेतलीच आहे तर थोडे बदलही करून घेऊ, हा विचार स्वाभाविक असतो. जास्त अश्वशक्तीचे इंजिन, मोठी विंच, उंच केबिन, पफचे अस्तर लावलेला मोठा कप्पा अशी यादी वाढत जाते. दहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद नौकेचे पाण्याच्या पातळीवरील क्षेत्र अंदाजे एकवीस चौरस मीटर भरते. ती एक सेंटिमीटर बसायला सव्वादोनशे किलोंच्या आत वजन पुरते. दोन टन भार वाढला तर नौका नऊ-दहा सेंटिमीटर खाली जाते, म्हणजे काठ आणि लाट यांमधील अंतर तेवढे घटते. हे वजन तळाशी असेल तर एक वेळ चालते. केबिनच्या छपरावर पाण्याची टाकी आणि जाळ्यांचा ढीग असेल तर नौकेची कलल्यावर पुन्हा सरळ होण्याची शक्तीच कमी होते. अर्धवट भरलेली टाकी तर भरलेल्या टाकीहून अधिक घातक असते, कारण नौका ज्या बाजूला कलते तिकडेच पाणी धावते. शांत खाडीत यातले काही जाणवत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' वादळाने ऐन हंगामात कोकणातील नौकांना भर समुद्रात गाठले होते. परीक्षा अशा दिवशी होते.

कायद्याची बाजूही विसरता येत नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार नौकेला परवाना लागतो आणि तो विशिष्ट प्रकारच्या मासेमारीसाठी असतो. गिलनेटच्या नौकेवर विंच बसवून ती दुसऱ्याच पद्धतीकडे वळवणे केवळ सुताराच्या हातात नाही. इंजिन किंवा मोजमापे बदलली तर नोंदणीतही तसा बदल करून घ्यावा. अन्यथा डिझेलच्या परताव्यापासून विम्याच्या दाव्यापर्यंत सर्वत्र अडचण येते.

मग कवच कोणत्या नौकेला चढवावे? कणा सरळ आहे, फासळ्या शाबूत आहेत आणि बदलाव्या लागणाऱ्या फळ्या मोजक्या आहेत, अशी नौका असेल तर खर्च सार्थकी लागतो. कीड बाहेर राहते आणि दरवर्षीचा कापूस-राळेचा खर्च वाचतो. कणाच वाकला असेल, खिळे सर्वत्र सैल झाले असतील तर कवचावरचा पैसा नव्या नौकेच्या भांडवलात घालणे शहाणपणाचे. शेवटी मोडीचाही विचार करावा लागतो. लाकडी नौका मोडली की फळ्या सरपणाला जातात आणि खिळे भंगारवाल्याकडे. फायबर चढवलेली फळी चुलीत घालता येत नाही, घालूही नये, कारण तिचा धूर विषारी असतो. ती कुजतही नाही. कवच चढवलेल्या नौकांचे भरतीरेषेवर टाकलेले सांगाडे उचलून न्यायचे कोणी आणि कुठे, याची व्यवस्था बंदरांवर अद्याप उभी राहिलेली दिसत नाही.