दुधाळ ऑइल आणि घाईचा निकाल

कुही तालुक्यात आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेला मिळते. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचं पाणी इथपर्यंत मागे तुंबलं आणि नदीचा जलाशय झाला. पलीकडच्या भंडारा जिल्ह्यात जायला आता केबलवर तोललेला पूल आहे. तरी मासेमारीला आणि पर्यटकांना फिरवायला बोटी लागतातच. अशा पाण्यातल्या डिझेल इंजिनाची डिपस्टिक ओढली आणि तिला दुधाच्या चहासारखं ऑइल लागलं, की निकाल बहुधा तयार असतो: हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोला. तो कधी बरोबरही ठरतो. पण रंग एवढंच सांगतो की पाणी आत आलं. कुठून आलं, हे तो सांगत नाही, आणि बोटवाल्याचा खर्च त्यावरच ठरतो. म्हणून पान्याला हात लावण्याआधी पाण्याची वाट शोधलीच पाहिजे.

पहिली परीक्षा फुकटात होते. पत्र्याचा तुकडा पाणी टाकताच उडून जाईल इतका तापवायचा आणि त्यावर ऑइलचा एकच थेंब सोडायचा, डिझेलपासून लांब आणि डोळे जपून. पाणी असेल तर बुडबुडे येतात, तडतड होते. साधारण हजारात एक भाग पाणीही असं पकडता येतं. म्हणजे पाच लिटर ऑइलमध्ये चमचाभर. पण चमचाभर पाणी गळतीशिवायही जमतं. पावसाळी दमट हवा, छोट्या छोट्या फेऱ्या, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. मग आतली वाफ थंड होऊन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरा लगदा धरतो. हजारात एक भाग पाण्यासाठी हेड उतरवणं हा गरीब माणसावर अन्याय आहे. ऑइल आणि फिल्टर बदलावं, बोट भार देऊन नीट तापेपर्यंत चालवावी आणि पातळी पाहावी. ऑइल स्वच्छ राहिलं तर प्रश्न मिटला. पुन्हा दुधाळ होऊन पातळी चढली तर गळती आहे. मात्र पहिल्यांदाच पातळी फार चढलेली असेल, तर हा प्रयोग करू नये, स्टार्टरही मारू नये. सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

गळती ठरली तरी हेड हा एकच संशयित नसतो. ऑइल कूलरची नळी फुटते, पाण्याच्या पंपाचं सील झिजतं. ज्या बोटीत थंड करणारं पाणी सायलेन्सरमधून बाहेर जातं, तिथे इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर मारत राहिलं, तर तेच पाणी एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. कोकणात ऑइलमध्ये मीठ सापडलं की समुद्राकडे बोट दाखवता येतं. वैनगंगेच्या गोड्या पाण्यात हा पुरावा मिळत नाही. इंजिनात बंद कूलंट असेल तर त्याची पातळी उतरते का पाहावं. नाहीतर कूलर सुटा काढून हवेच्या दाबाने तपासावा. हेडची पाळी यानंतर.

यावर कोणी म्हणेल, जुन्या मिस्त्रीला नुसत्या नजरेने कळतं. कळतंही. त्याच्या हाताबद्दल मला आदरच आहे. पण त्याची नजर खरी ठरते ती मागच्या फेरीत इंजिन तापलं होतं का, पाण्याची धार कमी झाली होती का, हे विचारल्यावर. म्हणजे तोही वाटच शोधत असतो. दुसरा आक्षेप असा, की ऑइल बदललं की भागतं, मग एवढी चौकशी कशाला? गळती चालू असेल तर नवं ऑइलही दुधाळ होतं, आणि पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर पुरेसा थर धरत नाही. थोडक्यात सुटणारं काम क्रँकशाफ्टपर्यंत जातं.

आणि हेडच गेलेलं निघालं, तरी चौकशी संपत नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून या जलाशयात येतं. त्यावर जलपर्णी माजते. तिची मुळं-पानं पाणी ओढणाऱ्या जाळीत अडकली की इंजिन तापतं आणि गॅस्केट जळतं. जाळी तशीच ठेवून बसवलेलं नवं गॅस्केटही त्याच वाटेने जाईल. बोटवाल्याने प्रत्येक फेरीआधी जाळी साफ करावी आणि इंजिन सुरू झाल्यावर बाहेर पडणारी पाण्याची धार पाहावी. जलपर्णीला पोसणारं सांडपाणी अडवणं त्याच्या हातात नाही; ते काम नागपूरचं आहे.