सर्वांनाच विचारले, तर संशय कुणावर?

महिनाभर ताप असलेला रुग्ण शिराळ्यातील दवाखान्यात आला, तर डॉक्टर मलेरिया, टायफॉईड, क्षय अशा तपासण्या सांगतील. एचआयव्हीचे नाव काढताना मात्र जीभ अडखळते. रुग्ण रागावेल, अशी भीती. मुंबईला नोकरी करणाऱ्यालाच विचारले, तर तो संशय वाटणारच. सर्वांनाच विचारले, तर कुणाकडे बोट दाखवले जात नाही. लागण झालेला माणूस कित्येक वर्षे धडधाकट दिसू शकतो, त्यामुळे चेहरा पाहून अंदाज बांधणे व्यर्थ आहे.

विचारणे म्हणजे सक्ती नव्हे. २०१७ च्या कायद्याने चाचणीपूर्वी समजावून सांगून संमती घेणे आणि निकाल गुप्त राखणे बंधनकारक आहे. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात ही सेवा मोफत मिळते. पहिली चाचणी सकारात्मक आली तरी घाबरू नये. आणखी चाचण्यांनी खात्री करूनच निदान होते.

सरकारी उपचार २००४ पासून मोफत आहेत. २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला ते सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित औषधांनी रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतके कमी राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणून डॉक्टरांनी विचारावे. आणि त्यांनी नाही विचारले, तर आपणच विचारावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)