विहिरीवरची मोटर आणि विमानातले पेट्रोल

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. विहिरीच्या काठावर ठेवलेली मोटर पाणी ओढते ते एका मर्यादेपर्यंतच. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की मोटर नुसतीच फिरते, पाइपातून थेंब येत नाही. मग ती खाली पाण्याजवळ उतरवायची, नाहीतर सरळ पाणबुडी मोटर टाकायची.

खरे तर पंप पाणी ओढतच नाही. तो पाइपातला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला हा जोर फार तर १० मीटर पाणी उचलतो, व्यवहारात सात-आठ मीटर. जुन्नर सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे; तिथे तो आणखी थोडा कमी. घरी विमान बांधणाऱ्याची एक डोकेदुखी नेमकी हीच असते.

घरी विमान बांधणारे आपल्याकडेही आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि २०१७मध्ये त्याची नोंदणी झाली. अशा विमानांच्या बातम्यांत पंख आणि इंजिनाचे फोटो येतात. पेट्रोलच्या नळ्यांचा फोटो कुणी छापत नाही. पण हवेत इंजिन बंद पडते तेव्हा बऱ्याचदा इंजिन धडधाकट असते. पेट्रोलच त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसते.

पंख वर असलेल्या विमानात टाक्या पंखांत, म्हणजे इंजिनाच्या वर असतात. गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी यावे तसे पेट्रोल आपोआप उतरते. जुन्या मोटारसायकलींचेही तसेच होते. पंख खाली असलेल्या विमानात मात्र टाक्या वैमानिकाच्या गुडघ्यांच्या पातळीला आणि इंजिन त्याहून वर. इथे पंपाशिवाय गत्यंतर नाही.

पंप इंजिनाजवळ बसवणे सोपे वाटते, पण मग लांब नळीतून पेट्रोल खेचावे लागते. पेट्रोल पाण्यापेक्षा कितीतरी लवकर उकळते. दाब कमी झाला, वर इंजिनाची धग लागली, की नळीतच त्याची वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी बुडबुडे घुसळत बसतो. याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. विमान जितके उंच जाईल तितका बाहेरचा दाब कमी आणि धोका जास्त. उपाय विहिरीवरचाच: पंप टाकीजवळ, शक्य तितका खाली ठेवायचा. पेट्रोल खेचायचे नाही, ढकलायचे. आजच्या मोटारसायकलची चावी फिरवल्यावर जो बारीक ‘झीं’ आवाज येतो, तो टाकीतल्या अशाच पंपाचा.

गाड्यांसारखे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन असेल तर पेट्रोल सुमारे तीन बार दाबाने लागते. त्यासाठीचा पंप सहसा इंजिनाच्या गरजेपेक्षा बरेच जास्त पेट्रोल पाठवतो आणि उरलेले परतीच्या नळीने टाकीकडे येते. कुठल्या टाकीकडे? डाव्या टाकीतून घेतलेले पेट्रोल भरलेल्या उजव्या टाकीत परत गेले, तर ती ओसंडून पेट्रोल हवेत सांडेल आणि डावी अपेक्षेआधीच रिकामी होईल. म्हणून येणारी आणि परतणारी अशा दोन्ही वाटा एकदम बदलणारी कळ बसवतात.

दोन्ही टाक्या एकाच वेळी चालू का ठेवत नाहीत? दोन विहिरींचे पाइप एका मोटरीला जोडून पाहावे. एक विहीर आटली आणि तिथला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे गावाकडचा ‘फुटबॉल’, उघडा पडला की मोटर हवा धरते; दुसरीत पाणी असूनही वर काही येत नाही. त्यामुळे अशा विमानाच्या कळीवर डावी, उजवी आणि बंद एवढ्याच खुणा असतात.

ही कळ कुठे बसवायची, यावर जीव अवलंबून असतो. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ घरी बांधलेल्या ‘लाँग-ईझी’ विमानाच्या अपघातात गेले. विमान वेगळ्या घडणीचे होते आणि त्यांनी ते आयते विकत घेतले होते. मूळ आराखड्यात टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या पुढ्यात होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली. तिच्यावर खुणा नव्हत्या, पेट्रोल दाखवणाऱ्या काचेवरही नव्हत्या. चौकशीचा निष्कर्ष असा, की मागे वळून कळ फिरवताना उजव्या पायाखालचे रडर दाबले गेले आणि विमानावरचा ताबा सुटला. ती कळ हाताला नीट येत नाही, हे उड्डाणाआधीच लक्षात आले होते.

इंधन कोणते, हाही प्रश्न आहेच. विमानाच्या खास पेट्रोलमध्ये इथेनॉल नसते आणि ते सहजी उडूनही जात नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. दोन्ही तालुक्यांत साखर कारखाने आहेत, तेव्हा उसाशी असलेले त्याचे नाते इथे कुणाला सांगायला नको. पण इथेनॉल पाणी शोषते, काही जुनी रबरे खराब करते. पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात आणि टाकीचे तोंड तिथेच असते.

पहिल्या उड्डाणाआधीची परीक्षा मात्र साधी आहे. विमानाचे नाक चढावर असते तेवढे वर करून उभे करायचे, इंजिनाजवळची नळी सोडून डब्यात धरायची, पंप चालू करायचा आणि घड्याळ लावायचे. पूर्ण जोरावर इंजिनाला लागते त्याच्या किमान सव्वापट पेट्रोल यायला हवे. ताशी ४० लिटर पिणारे इंजिन असेल, तर सहा मिनिटांत पाच लिटर. टाकी उपसत राहायचे. जिथे धार तुटते, तिथून खाली उरलेले पेट्रोल टाकीत नाहीच असे धरायचे. मापकावरचे शून्य तिथे रंगवतात.