पाबळची कार्यशाळा आणि हिशोबाची वही

पाबळ म्हटलं की बहुतेकांना मस्तानीची समाधी आठवते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या याच अवर्षणग्रस्त गावात १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला हा शास्त्रज्ञ हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी सोडून इथे राहायला आला. माणूस स्वभावतःच हाताने काम करत शिकतो, आणि शाळेत नेमकं तेच बंद होतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

आश्रमातल्या एका वर्षाच्या निवासी पदविकेत चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. इथे मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा स्वयंपाकघरात उभा राहतो. चारही विभाग सगळ्यांना सक्तीचे. शाळा मधेच सुटलेल्यांनाही इथे दार उघडं असतं.

पण मला या सगळ्यात मोलाची वाटते ती कॉस्टिंगची वही. खिडकीची जाळी करायची, तर आधी टेप घेऊन माप काढायचं. माप फुटात, लोखंड मात्र दुकानात किलोवर मिळतं. म्हणजे एक फूट पट्टीचं वजन किती, हे काढल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. मग कापताना वाया जाणारे तुकडे, वेल्डिंगचे रॉड, वीज, मजुरी, मशीनचा घसारा. नवशिकी मुलं नेमका घसारा विसरतात, आणि जाळी स्वस्तात देऊन बसतात. त्रैराशिक वर्गात ज्याच्या डोक्यावरून गेलं, त्याला ते इथे कळतं, कारण चुकलं तर पदरचे पैसे जाणार असतात.

शिवाय ही कामं नुसत्या सरावापुरती नसतात. गावातल्या लोकांना खरोखर हवं असलेलं काम पैसे घेऊन करून द्यायचं, हा कलबागांचा आग्रह. घरमालक वाकडी जाळी परत पाठवतो, ते कोणत्याही परीक्षकापेक्षा परिणामकारक ठरतं. लोखंडी त्रिकोण जोडून उभा करायचा पाबळ डोम याच वातावरणात आकाराला आला. १९९३च्या लातूर भूकंपानंतर तो तिकडेही बांधला गेला. एमआयटीचे नील गेर्शेनफेल्ड यांनी फॅब लॅबच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या छोट्या कार्यशाळांच्या, सुरुवातीच्या काळातच, २००२ मध्ये, एक लॅब पाबळला आणली. लेझर कटरसारखी यंत्रं खेड्यातल्या पोरांच्या हाती आली. नवं यंत्र आलं म्हणून हिशोबाची जुनी शिस्त मात्र सोडायची नसते. प्लायवूडचा तक्ताही फुकट येत नाही.

हीच पद्धत 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या विषयातून राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत पोचली आहे. आठवड्यातला एक दिवस कामाचा. शिकवायला निदेशक शक्यतो आसपासचेच, हातात कसब असलेले. गावातला गवंडी किंवा फॅब्रिकेशनवाला शाळेत शिक्षक म्हणून उभा राहतो, त्याचं मानधन घेतो, आणि शाळेच्या फुटक्या बाकांची दुरुस्ती त्याच्या देखरेखीखाली नववीतली मुलं करतात, अर्थात आधी अंदाजपत्रक काढून.